कौनासमधले दोन पत्ते

लिथुआनियातील कौनास या शहरात, १९४० मध्ये ज्यू निर्वासितांना व्हिसा लिहून देणारे जपानी राजनैतिक अधिकारी चिउने सुगिहारा यांच्या घरासाठी येणारे बहुतेक प्रवासी थेट वाइझगँटो रस्त्यावरच्या ३० क्रमांकाच्या घरी जातात. मी मात्र आधी लाइस्वेस आलेया या लिंडेनच्या झाडांनी भरलेल्या, केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेल्या लांबलचक रस्त्यावर गेलो, कारण १९४० च्या जुलैमध्ये निर्वासितांच्या पायांनीही हाच क्रम घेतला होता.

या रस्त्यावर फिलिप्स कंपनीचे कार्यालय होते आणि तेथील संचालक यान झ्वार्टेनडाइक त्या उन्हाळ्यात नेदरलँड्सचे हंगामी वाणिज्यदूत म्हणूनही काम पाहत होते. पोलंडमधून पळून आलेल्या हजारो ज्यूंना लिथुआनियात आसरा मिळाला होता. पण जूनमध्ये सोव्हिएत फौजा आल्या, परदेशी वकिलाती बंद करण्याचे हुकूम निघाले आणि बाहेर पडण्याच्या वाटा एकेक करून मिटत गेल्या. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव या डच बेटावर जाण्यास व्हिसा लागत नसे, मात्र तिथे उतरू द्यायचे की नाही हे तेथील गव्हर्नर ठरवत असे. मूळच्या डच असलेल्या पेस्ला लेविन यांच्या विनंतीवरून रीगा येथील डच राजदूत डे डेकर यांनी त्यांच्या पासपोर्टवर यातले पहिले अर्धे वाक्य लिहिले आणि दुसरे गाळले. झ्वार्टेनडाइक यांनी तोच मजकूर मोजक्या दिवसांत दोन हजारांहून अधिक लोकांना लिहून दिला. त्यांच्या जुन्या कार्यालयासमोर आज पासपोर्टांची आठवण देणारे रंगीत दिव्यांचे स्मारक आहे. बाकावर बसून मी ते बराच वेळ पाहत राहिलो आणि एका गाळलेल्या वाक्यावर किती कुटुंबांचा जीव तोलला गेला असेल, हाच विचार मनात घोळत राहिला.

तिथून जुन्या केबल रेल्वेने झालियाकाल्निसच्या टेकडीवर चढून, पुढे शांत निवासी गल्ल्यांतून चालत मी वाइझगँटो रस्त्यावर पोहोचलो. चिउने सुगिहारा यांचे हे घर एखाद्या सुखवस्तू कुटुंबाच्या बंगल्यासारखे साधे आहे. खाली जपानची वकिलात आणि त्याच वास्तूत पत्नी युकिको व मुलांसह संसार. कुंपणाशी उभे राहिल्यावर अंतर किती थोडे होते हे कळते. बाहेर ताटकळणाऱ्या माणसांचे चेहरे खिडकीतून स्पष्ट दिसत असणार.

सुगिहारांनी टोकियोकडे पुन्हा पुन्हा तारा पाठवून परवानगी मागितली. पुढच्या देशात प्रवेशाची खात्री आणि पुरेसा पैसा नसलेल्यांना जपानमार्गे जाण्याचा व्हिसा देऊ नये, हेच उत्तर येत राहिले. तरीही ते लिहीत राहिले, तेही हाताने आणि जपानी लिपीत. त्यांच्या यादीत २,१३९ नावे आहेत आणि एका व्हिसावर कित्येकदा सबंध कुटुंब निघाले. कुरासावचा मजकूर नसता तर बहुतेकांच्या व्हिसाला कागदोपत्री आधारच उरला नसता. सुगिहारांचा व्हिसा नसता तर कुरासावचा मजकूर निरुपयोगी ठरला असता. म्हणून सुगिहारांची कथा झ्वार्टेनडाइकना वगळून सांगणे मला अन्यायाचे वाटते. ते कागद घेऊन माणसे सायबेरियातून व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदराला आणि मग कोबे शहराला पोहोचली. अनेकांना पुढे शांघायमध्ये युद्ध संपेपर्यंत राहावे लागले.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी शहराबाहेरच्या नवव्या किल्ल्यावर जावे लागते. २९ ऑक्टोबर १९४१ या एका दिवसात तिथे नाझींकडून ९ हजारांहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. त्या मैदानावर मला फार वेळ राहवले नाही.

परतीच्या गाडीसाठी मी कौनासच्या स्थानकावर आलो. वकिलात बंद झाल्यावर सुगिहारांनी मेट्रोपोलिस हॉटेलात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस याच स्थानकावर, गाडी सुटेपर्यंत कागद लिहिले, असे सांगितले जाते. १९४७ साली त्यांना परराष्ट्र खात्याची नोकरी सोडावी लागली. त्यांच्या हातचा कागद घेऊन वाचलेल्या एका माणसाने १९६८ साली त्यांना शोधून काढले. त्याने तो जीर्ण व्हिसा जपून ठेवला होता.