ठाणे-बेलापूर रोडवर फियाटचा लाल दिवा

संध्याकाळी नौपाड्यातून निघालो, बेलापूरला मावशीकडे जायचं होतं आणि गाडी बाबांची जुनी फियाट, कुर्ल्याच्या कारखान्यातली, अजून डायनॅमोवाली (डायनॅमो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर). कळवा पुलावर नेहमीचं ट्रॅफिक, आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकत होता. डायनॅमोच्या गाडीत हे चालतं, कमी आरपीएमला तो चार्जच करत नाही. पण विटावा सोडून दिघ्याला रस्ता मोकळा मिळाला, गाडी पन्नासला गेली तरी दिवा पूर्ण विझेना, अंधारात नीट बघितलं तरच कळेल असा तांबूस उजेड. बाबा म्हणाले, "अरे, हे लक्षण बरं नाही, बाजूला घे."

रबाळ्याला एका गॅरेजसमोर थांबलो. मेकॅनिकने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, बॅटरी बदला. म्हटलं, "दादा, आधी मोजूया." मला हे मनापासून वाटतं, जुन्या गाडीत मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, नाहीतर नवी बॅटरीपण तशीच बसते.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघितला, ताण बरोबर. बाबांना रेस द्यायला सांगितली, तर बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पाहिजेत १४ च्या आसपास. मग डायनॅमोच्या जाड वायरवर मीटर लावला, तिथे १४.२! म्हणजे डायनॅमो व्यवस्थित काम करतोय, मधे कुठेतरी १.७ व्होल्ट खाल्ले जातायत. दिवा पण हेच सांगत होता, कारण तो डायनॅमो आणि बॅटरीच्या मधे असतो, दोन्हीकडे व्होल्टेज सारखं झालं की विझतो, फरक राहिला की मंद जळत राहतो.

वायर चाचपत रेग्युलेटरच्या, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या डब्यापर्यंत गेलो आणि सापडलं. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरची थिंबल, म्हणजे स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक, हाताला चटका बसेल इतकी गरम, स्क्रू ढिला, कडा काळ्या पडलेल्या, वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं. इंजिन बंद केलं, बॅटरीचं टर्मिनल काढलं, जळकं टोक कापून नवी थिंबल बसवली, स्क्रूची जागा पॉलिश पेपरने लख्ख घासली. परत रेस, बॅटरीवर १३.९ आणि दिवा ठार बंद. मेकॅनिकने मीटर मागून घेऊन स्वतः रीडिंग घेतलं, मला ते फार आवडलं.

पुढे महापे, तुर्भे करत हेडलाइट लावून बेलापूरला पोचलो, दिवा फक्त सिग्नलला लुकलुकायचा. आता रविवारी डायनॅमो उतरवून कार्बन ब्रश बघणार आहे, बाबा म्हणतायत कम्युटेटरपण, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, साफ करून घे.