पापड आणि जांभळं

शनिवार, रात्री उशिरा

तनिष्ठा चटर्जीनं 2016 मध्ये फेसबुकवर लिहिलेलं ते टिपण आज पुन्हा वाचलं आणि डोकं तापलं, ते अजून निवलेलं नाही. 'पार्च्ड' सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी ती कलर्सवरच्या 'कॉमेडी नाइट्स बचाओ'मध्ये गेली होती. आलेल्या पाहुण्यांची टर उडवायची, हा त्या कार्यक्रमाचा धंदाच होता. पण 'ब्रिक लेन'मध्ये मुख्य भूमिका केलेल्या या अभिनेत्रीत टर उडवण्याजोगं त्यांना काय सापडलं? तिचा रंग. लहानपणापासून किती जांभळं खाल्लीस, असं तिला विचारलं गेलं, आणि पुढचे विनोदही त्याच वळणाचे. ती थोडा वेळ बसली आणि मग उठून गेली. आयोजकांचं म्हणणं, आम्ही आधीच सांगितलं होतं की हा रोस्ट आहे. रोस्ट म्हणजे काय हे तिलाही ठाऊक होतं, तसं तिनं लिहिलंच आहे. रोस्टमध्ये माणसाच्या कामावर, स्वभावावर, नखऱ्यांवर बोलायला काय कमी असतं? कातडीशिवाय दुसरं काही सुचलं नाही, म्हणजे लिहिणाऱ्यांनी पाच मिनिटंही डोकं चालवलेलं नाही.

त्या लिखाणातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिचं आडनाव ऐकून ती ब्राह्मण आहे हे कळल्यावर कुणीतरी नवल केलं होतं. म्हणजे रंगावरचा विनोद नुसत्या रंगावर थांबत नाही. काळा म्हणजे खालचा, हा हिशेब आधीच मनात पक्का असतो आणि विनोद फक्त तो बोलून दाखवतो.

मी स्वतः सावळी. 'काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो,' हे वाक्य मी माझ्याच कांदेपोह्यांच्या वेळी, हातात ट्रे घेऊन उभी असताना, सख्ख्या आत्याच्या तोंडून ऐकलंय. समोरचे हसले. आत्याला वाटलं, आपण पोरीचं कौतुकच केलं. त्यामुळे 'हसण्यावारी ने गं' हे मला कुणी सांगायला आलं की मी आधी सांगणाऱ्याकडे बघते. आजवर असं सांगणारं एकही माणूस सावळं निघालेलं नाही.

आता याच्या शेजारी जानेवारी 2007 ठेवून बघते. ब्रिटनच्या चॅनेल 4 वर 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' चालू होतं आणि शिल्पा शेट्टी त्या घरात होती. तिच्याबरोबरची स्पर्धक जेड गुडी हिनं तिला 'शिल्पा पॉपाडम' (म्हणजे पापड) म्हटलं, बाकीच्या दोघीतिघींनी तिच्या उच्चारांवरून, स्वयंपाकावरून तिला छळलं. ऑफकॉम या त्यांच्या नियामक संस्थेकडे सुमारे 44,500 तक्रारी गेल्या. प्रायोजक कंपनीनं अंग काढून घेतलं. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन त्या वेळी भारतात होते, त्यांना इथे पत्रकारांनी याच विषयावर गाठलं. पाटण्यात पुतळे जाळले. पुढे ऑफकॉमनं चॅनेल 4 वर ठपका ठेवला आणि तो निकाल त्यांच्याच पडद्यावर जाहीर करायला लावला. आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. भारतीय बाईचा अपमान झाला म्हणून सगळे पेटून उठले होते, आणि ते बरोबरच होतं.

पापडासाठी एवढं सगळं झालं. जांभळांसाठी चॅनेलनं माफी मागितली, दोनचार दिवस चर्चा झाली आणि गाडी पुढे गेली. इथे कुणी पुतळा घेऊन रस्त्यावर आल्याचं मला आठवत नाही. ज्या आत्याला शिल्पासाठी रडू आलं होतं, तिला तनिष्ठाचं नावही माहीत नाही.

त्याच 2016 च्या मे महिन्यात, याच मुंबईत, तन्मय भट या विनोदी कलाकारानं सचिन आणि लतादीदींची नक्कल करणारा एक व्हिडिओ टाकला होता. व्हिडिओ हिणकस होता, मला मुळीच आवडला नाही. त्यावर मनसेनं पोलिसांत तक्रार केली आणि पोलिसांनी तो काढून टाकण्यासाठी गूगल, फेसबुकपर्यंत पत्रव्यवहार केला. चारच महिन्यांनी एका बाईला तिच्या रंगावरून भर कार्यक्रमात हिणवलं गेलं, तेव्हा तो आवेश कुठे गेला? आपल्याला विनोद झोंबतो तो देवमाणसांवरचा. ज्यांचा कुणी वाली नाही त्यांच्यावरचा विनोद म्हणजे मनोरंजन.

नियम नाहीत अशातलाही भाग नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधल्या सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता दिलेली आहे. वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटांना हिणवणारी, त्यांच्याकडे तुच्छतेनं बघणारी दृश्यं आणि शब्द दाखवायचे नाहीत, असं त्यात सरळ लिहिलंय. 2011 पासून चॅनेलवाल्यांच्याच संघटनेनं नेमलेली बीसीसीसी ही तक्रार परिषदही आहे. कुणीही तिथे तक्रार करू शकतं. पण तक्रार करावी असं मनात येण्यासाठी आधी ते टोचावं लागतं ना!

1968 सालची एक जोडी मी नेहमी लोकांना सांगते. त्या वर्षी हॉलिवुडच्या 'द पार्टी'मध्ये पीटर सेलर्स तोंडाला तपकिरी रंग फासून वेंधळा भारतीय झाला. त्याच वर्षी आपल्याकडे 'पडोसन'मध्ये मेहमूद शेंडी ठेवून, तोडक्यामोडक्या हिंदीत बोलणारा दक्षिणी मास्तर झाला. पहिल्यावर आज परदेशातल्या भारतीयांचे लेखच्या लेख येतात. दुसरा आमच्या प्रत्येक कौटुंबिक सहलीत गाण्यासकट सादर होतो. मेहमूद मोठा नट होता यात शंका नाही. पण सेलर्सही मोठाच होता की. मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याच्या मुलाला शाळेत 'थँक्यू, कम अगेन' म्हणून चिडवायचे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू तसं बोलतो म्हणून. त्या अपूला आवाज देणारा हँक अझारिया गोरा. 2017 मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदी कलाकारानं अपूवर माहितीपट काढला तेव्हा दादानं आम्हा सगळ्यांना तो बघायला लावला. 2020 मध्ये अझारियानं तो आवाज सोडला, पुढे माफीही मागितली, तेव्हा दादाचा फोन आला होता, गळा दाटून आला होता त्याचा. मला त्याचं दुःख पूर्ण पटतं. पण तोच दादा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काळ्या अमेरिकनांवरचे जे विनोद पाठवतो ते मला इथे उतरवून काढवत नाहीत. विचारलं तर म्हणतो, 'अगं, ते स्वतःच एकमेकांना काय काय म्हणतात, त्यांची रॅप ऐक!'

हा युक्तिवाद त्याच्या घराशेजारीच गाजला होता. एडिसनला लागूनच रटगर्स विद्यापीठ. एप्रिल 2007 मध्ये तिथल्या मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरला आणि दुसऱ्या दिवशी डॉन आयमस या नावाजलेल्या रेडिओ निवेदकानं त्यातल्या काळ्या मुलींच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून अत्यंत गलिच्छ शेरा मारला. आठवड्याभरात एमएसएनबीसी आणि सीबीएस रेडिओ दोघांनी त्याला काढलं. डिसेंबरात तो दुसऱ्या स्टेशनवर परत बोलायला लागला. मधल्या काळात त्याचे पाठीराखे हेच विचारत होते, रॅपवाले असंच बोलतात, त्यांना का सोडता? पण त्यांना सोडलेलं नव्हतं. 2004 मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजातल्या काळ्या मुलींनी नेली या रॅपरच्या एका व्हिडिओवरून इतका आवाज उठवला की त्याचा तिथला कार्यक्रम रद्द झाला. त्या मुली लढत होत्या तेव्हा आयमसचे हे पाठीराखे त्यांच्या बाजूनं उभे नव्हते. रॅपची आठवण त्यांना झाली ती आपला माणूस अडचणीत आल्यावर. दादाला हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. उत्तर नाही.

आणि ईशान्येकडच्या मुलांचं काय? 2021 मध्ये 'डान्स दीवाने'च्या मंचावर आसामच्या एका लहान मुलीची ओळख करून देताना सूत्रसंचालक राघव जुयालनं मोमोचा उल्लेख करत चिनीसारखे निरर्थक आवाज काढले. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी निषेध केला, जुयालनं माफी मागितली. चिनी बोलण्याचा खेळ मूळचा त्या मुलीचाच होता, असंही त्यानं सांगितलं. ते खरं धरू. लहान मुलं काहीही खेळतात. पण तो भाग कुणीतरी कापायला बसलं होतं, कुणीतरी मंजूर केला होता, आणि एवढ्या लोकांच्या नजरेखालून जाताना त्यात काही गैर आहे असं कुणालाच वाटलं नाही. 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलचा निडो तानिया मारहाणीनंतर गेला. त्या भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवरून झालेल्या टिंगलीनं झाली होती. टिंगलच. त्यानंतर सरकारनं ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींसाठी बेझबरुआ समिती नेमली, तिचा अहवाल आला. टीव्हीवर सात वर्षांनी मोमोच.

मराठी वाहिन्यांबद्दल बोलायचं तर 'रंग माझा वेगळा' आठवते. सावळ्या मुलीला घरात मिळणाऱ्या वागणुकीची मालिका, आई न चुकता बघायची. तरी नायिकेसाठी उजळ रंगाची अभिनेत्री घेतली आणि तिला मेकअपनं सावळं केलं. अख्ख्या महाराष्ट्रात एक सावळी नटी मिळू नये?

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मणिपूरच्या दोन मुली भाड्यानं राहतात. आयटीत नोकरी करतात, मागायच्या आधी गणपतीची वर्गणी आणून देतात. गेल्या वर्षी गणपतीतल्या स्किटला त्या अगदी पुढे बसल्या होत्या. स्किटमध्ये पार्लरवालीचं पात्र होतं. ते करणाऱ्या मुलानं डोळे दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं ओढून बारीक केले होते, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. त्या दोघी आरतीला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी हा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, 'वहिनी, तुम्ही फार मनावर घेता. असं तर टीव्हीवर रोज चालतं.'

म्हणून यंदा मी सांस्कृतिक समितीत नाव दिलंय. स्किट लिहिणाऱ्या मुलाला आज बोलावून तासभर बोलले. वाईट नाही तो मुलगा. त्यानं मनापासून विचारलं, 'मग काकू, हसायचं कशावर?' मी म्हटलं, दर मेमध्ये टँकरवाल्यापुढे लाचार होणारी आपली कमिटी आहे, पार्किंगवरून कोर्टात जायला निघालेले दोन काका आहेत, गणपतीच्या मीटिंगला कधीच न येणारे आणि प्रसादाला पहिले असणारे लोक आहेत, मीसुद्धा आहे. तो वहीत लिहून घेत होता. उद्या संध्याकाळी पहिला खर्डा आणून दाखवणार आहे.