सारिया ते सांतियागो: मतभेद सोबत घेऊन

स्पेनमधल्या कामिनो या पदयात्रेचा शेवटचा टप्पा, सारियापासून सांतियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंत, साधारण 115 किलोमीटर. आम्ही ते पाच दिवसांत चालतो: पोर्तोमारीन, पालास दे रेई, आर्सुआ, ओ पेद्रोउसो आणि मग सांतियागो. शेवटच्या 100 किलोमीटरांत क्रेडेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या वहीवर, रोज दोन शिक्के घ्यायचे. विसरलात तर यात्रेच्या दाखल्याला अडचण येते. पाय गरम वाटू लागला की तिथेच बसून मोजा काढायचा, पुढच्या गावाची वाट बघायची नाही. एवढं पाळलं की पाय पोहोचतात.

सहा कॅथलिक एकत्र पोहोचवणं मात्र वेगळंच काम आहे. कोणी जुन्या लॅटिन मिस्सेसाठी, म्हणजे लॅटिनमधल्या जुन्या उपासनाविधीसाठी, जीव टाकतो, कोणाला स्थलांतरितांच्या प्रश्नावर चर्च पुरेसं बोलत नाही याचा राग, कोणाला गर्भपाताविरुद्ध न बोलणाऱ्या पुढाऱ्याला मत देणं पाप वाटतं. हे विषय टाळून चाललं तर तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी क्षुल्लक कारणावरून ते फुटतातच. म्हणून आम्ही ते पहिल्याच दिवशी झोळीतून बाहेर काढतो.

पहिला तास मौन. नंतर जोडीजोडीने, आणि रोज जोडी बदलून. शेजारी चालताना नजर वाटेवर असते, त्यामुळे अवघड गोष्ट बोलायला धीर होतो. चढावर वाद नाही. पोर्तोमारीन सोडलं की लिगोंदेकडे लांबलचक चढ लागतो. दम लागलेला माणूस वाक्य अर्ध्यावर तोडतो आणि ते तुटकं वाक्य ऐकणाऱ्याला लागतं.

संध्याकाळी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, गोल बसायचं. 2023 आणि 2024 मध्ये रोमला भरलेल्या सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या सभेत, गोल टेबलांभोवती जी पद्धत वापरली, तीच छोटी करून. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, उत्तर कोणी द्यायचं नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा पुन्हा मांडायचा नाही; दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं, तेवढंच सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत, आता मिळून काय करता येईल. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीतच घसरते. ‘तुझं पटलं, पण…’ अशी सुरुवात झाली की समजावं, पहिलीच फेरी पुन्हा चालू झाली. तिथे थांबवायचं आणि त्या माणसाला ‘पण’च्या आधीचंच वाक्य पुरं करायला सांगायचं. कित्येकांना ते जमत नाही, कारण ऐकताना त्यांनी उत्तर जुळवलेलं असतं.

एक नियम आम्ही कधीच सैल करत नाही: पोपचं म्हणून जे सांगाल, त्याचा मूळ परिच्छेद वाचून दाखवा. ‘लॅटिन मिस्सेवर बंदी आली’ असं म्हणणाऱ्याला 16 जुलै 2021 चं ‘त्रादितिओनिस कुस्तोदेस’ हे पोपचं फर्मान समोर ठेवायचं. 1962 च्या मिस्सापुस्तकावर, म्हणजे जुन्या लॅटिन विधीवर, त्याने कडक मर्यादा घातल्या, परवानगीचा अधिकार बिशपांकडे दिला. सरसकट बंदी त्यात नाही. आणि त्या मर्यादांनी ज्यांचं घर तुटल्यासारखं झालं, त्यांचं दुःख खोटं ठरत नाही. तसंच व्हॅटिकनच्या डिसेंबर 2023 च्या ‘फिदुसिया सुप्लिकान्स’ या निवेदनाचं. एक म्हणतो, समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली; दुसरा त्याच वाक्यावर पेढे वाटतो. लिहिलेलं असं आहे की विवाहाची शिकवण तीच, आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येतो तो विधीविना. महिन्याभरात आफ्रिकेतल्या बिशपांनी तेही आपल्याकडे योग्य नाही असं कळवलं. हे सगळं टेबलावर आलं की आवाज आपोआप खाली येतो. करुणेची सुरुवात इथे, दुसऱ्याबद्दल चुकीचं न बोलण्यात होते, असं आमचं ठाम मत आहे.

कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा 2477 वा परिच्छेद आम्ही पाठच केला आहे. पुराव्याशिवाय दुसऱ्याचा दोष खरा धरणं, योग्य कारण नसताना त्याचा खरा दोष माहीत नसलेल्यांना सांगणं आणि खोटा आळ घेणं, ही तीन पापं तिथे वेगवेगळी दिली आहेत. मधलं सगळ्यांत जास्त घडतं. ‘मी खरं तेच सांगितलं’ एवढ्याने सुटका होत नाही. लगेच पुढचा परिच्छेद संत इग्नासच्या पायऱ्या सांगतो: दुसऱ्याच्या शब्दांचा आधी चांगला अर्थ घ्या, नाही लागला तर त्यालाच विचारा, तो चुकत असेल तर प्रेमाने सांगा, तेवढ्याने भागलं नाही तर दुसरे उचित मार्ग शोधा. आपण बहुतेक जण तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो, आणि तीही प्रेमाशिवाय.

वारीत अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतात. इथे ‘बुएन कामिनो’ म्हणतात, आणि ते ज्याच्याशी सकाळी वाजलं त्यालाही म्हणावं लागतं.

सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये संत याकोबाचा, म्हणजे ज्याच्या नावाने हे शहर आहे त्या येशूच्या प्रेषिताचा, 18 व्या शतकातला एक पुतळा आहे: घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेली, टापांखाली मारले जाणारे मूर, म्हणजे मध्ययुगीन स्पेनमधले मुसलमान. मूरांविरुद्धच्या ज्या क्लाविहोच्या लढाईत संत असा अवतरला म्हणतात, ती इतिहासकार दंतकथा मानतात. 1937 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, जनरल फ्रँकोने याच संताला पुन्हा स्पेनचा आश्रयदाता जाहीर केलं. 2004 मध्ये पुतळा हलवायचं ठरलं होतं, तो राहिला. खालच्या मूरांवर फुलं रचून ते झाकतात. इथे आमच्यात हटकून दोन तट पडतात. एकाला फुलं म्हणजे माफी वाटते, दुसऱ्याला लपवाछपवी. आम्ही तिथे वाकून फुलांमधून काय दिसतं ते पाहतो आणि जे दिसलं त्याला नाव देतो: हात, पगडी, चेहरा. मत नंतर.

मग वेदीखाली, जिथे प्रेषिताच्या अस्थींची चांदीची पेटी आहे तिथे उतरायचं. जिना अरुंद आहे, दोघांना शेजारून जाता येत नाही. आदल्या संध्याकाळी ज्याच्याशी सर्वांत जास्त वाजलं, त्याला पुढे जाऊ द्यायचं आणि त्याची प्रार्थना होईपर्यंत वर थांबायचं.