शेपटीची हालचाल

शनिवार, रात्री उशिरा

झालं काहीच नाही. जेवणं उरकल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई आणि वहिनी ओट्यापाशी हळू आवाजात बोलत होत्या. आईची दाराकडे पाठ, वहिनीचं तोंड माझ्याकडे. वहिनी दचकली नाही, डोळ्यांनी काही खुणावलंही नाही. नुसती दोन बोटं आईच्या मनगटावर टेकवली. आई शब्दाच्या मध्येच थांबली आणि मागे न वळताच म्हणाली, "चहा टाकू का गं थोडा?"

रात्री साडेनऊला आमच्याकडे चहा होत नाही.

मी नको म्हटलं, पाणी प्यायले, खोलीत आले. वहिनी नुसती गप्प झाली असती तर इतकं लागलं नसतं. पण आईनं मला पाहिलंही नव्हतं. तिच्या डोळ्यांचं तर ठाऊकच आहे. बोटं टेकली आणि तिला कळलं की मी आले आहे, आता थांबायचं. म्हणजे ही खूण आजची नाही. ठरलेली आहे, हाताला सवय होईपर्यंत मुरलेली आहे.

तेव्हापासून मला तो मासा आठवतोय.

अंदमानात, स्वराज द्वीपला (सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात), स्कूबाच्या कोर्समध्ये पाहिलेला. प्रवाळ संपून जिथं नुसती वाळू सुरू होते, तिथं. मी आपली वर रंगीत माशांकडे बघत होते, तर इन्स्ट्रक्टरनं दंड धरून खाली बघायला लावलं. वाळूत अंगठा जाईल एवढं बीळ, तोंडाशी शंखांचे तुकडे आणि मेलेल्या प्रवाळाची खडी रचलेली. २०१०च्या उन्हाळ्यात अंदमानातलं कितीतरी प्रवाळ पाणी तापून पांढरं पडलं होतं. ती खडी त्यातलीही असू शकेल. बिळाच्या तोंडाशी पोटावर टेकून बसलेला बोटभर मासा. पांढरट अंग, त्यावर तपकिरी पट्टे, डोळे डोक्याच्या पार वर. गोबी. आपल्या खाडीतली निवटी याच गोतावळ्यातली, ती चिखलात आणि हा वाळूत, एवढंच. बहुतेक गोबींच्या पोटात तरंगायला लागणारी हवेची पिशवी नसते, म्हणून ते तळालाच टेकून जगतात.

थोड्या वेळानं बिळातून कोळंबी बाहेर आली. नांग्यांनी वाळूचा ढीग पुढे ढकलत आणला, बाहेर टाकला, परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बीळ सैल वाळूतलं, ते सारखं ढासळतं, त्यामुळे तिचं काम दिवसभर संपत नाही. तिला दिसतं जेमतेम. म्हणून बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगावर टेकलेली असते. ती वळली, वाकली, एक शिंपला उचलून तोंडाशी नीट बसवला, तरी मिशी सुटली नाही. पाण्याखाली सगळीकडून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. तो हिच्याच गोतातल्या कोळंब्यांचा. नांगी इतक्या वेगानं मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि फुटतो, त्या फुटण्याचा आवाज. हातात एवढं हत्यार असलेल्या घराण्यातली ही, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं तर माशाच्या शेपटीवर विसंबून.

नीट दिसावं म्हणून मी जरा पुढे सरकले. माशाची शेपटी थरथरली. इतकी बारीक, की शेजारच्या मुलीला ती दिसलीही नाही. कोळंबी वाळू तिथंच टाकून आत. मग पाण्यानं मला आणखी थोडं ढकललं असेल. मासा गर्रकन वळून डोक्यावर बिळात शिरला. जरा वाळू उडाली, बस्स.

त्या वेळी केवढा आनंद झाला होता! वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर घडलं. वर आल्यावर बोटीत सगळ्यांना सांगत सुटले, एकानं घर बांधायचं, दुसऱ्यानं राखायचं, रात्री दोघांनी आत झोपायचं. सगळे ही गोष्ट अशीच सांगतात, मैत्रीची गोष्ट म्हणून. मीही घरी येऊन आईला अशीच सांगितली होती. ती शेपटी माझ्यामुळे हलली होती, हे आज रात्रीपर्यंत मनात आलंच नाही.

इस्रायलच्या इलान कार्प्लस यांनी लाल समुद्रात याच पट्टेवाल्या माशाचा आणि त्याच्या कोळंबीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७९ साली त्यांचा या दोघांच्या स्पर्शाच्या बोलण्यावरच निबंध आला. मिशी टेकलेली असते, शेपटी हलते, कोळंबी मागे फिरते. मासाच आत गेला तर तो पुन्हा दाराशी येऊन बसेपर्यंत ती बाहेर येत नाही. आणि मुख्य म्हणजे गोबी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बघून शेपटी हलवत नाही. शेवाळं खाणारा मासा अंगावरून गेला तरी ढिम्म बसून राहतो. शिकारी मासा दिसला की मात्र खूण जाते.

हेच जास्त खुपतंय. दादा स्वयंपाकघरात गेला तर त्यांचं बोलणं चालूच राहतं. चिंटू धाडकन फ्रीज उघडतो, तरी चालू. शेजारच्या काकू आल्या तर उलट रंगात येतं. म्हणजे यात निवड आहे. कुणाच्या पावलाला थांबायचं, हे त्या दोघींचं कधीतरी ठरून गेलंय. बसून, बोलून ठरलं नसेल. असं ठरत जातं.

मी असं काय करते? गावच्या कागदांचं विचारते, म्हणून? ते कुणीतरी विचारायलाच हवं. बाबांच्या वेळी कुणी विचारलं नाही, त्याचं काय झालं ते... जाऊ दे. आज त्यात शिरायचं नाही.

आईची औषधं मी भरून ठेवते. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या माझ्या. बिलं माझी. आणि माझ्याच वाट्याला हा साडेनऊचा चहा. थोडं रडून घेतलं. कुणाला ऐकू जाईल असं नाही.

दिवा चालूच आहे. झोप येत नाही तर माशांवरचं जुनं वाचायला काढलं. त्यात तो इव्हिओटा आहे, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा. नखाएवढा गोबी. जेम्स कुक विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं की तो जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकं छोटं आयुष्य तोवर कुणाचंच नोंदलेलं नव्हतं. माशाच्या कानात बारीक खडा असतो, त्यावर रोज एक वलय चढतं, ती वलयं मोजून वय काढतात. पहिले तीन आठवडे उघड्या समुद्रात वाहत जायचे. मग प्रवाळावर उतरून आठवड्या-दोन आठवड्यांत मोठं व्हायचं. उरलेल्या साडेतीन आठवड्यांत जोडीदार, घर, अंडी, सगळं. अंड्यांची राखण नर करतो. आणि हे सगळं चालू असताना रोज शंभरातले सात-आठ जण कुणाच्या तरी तोंडात जातात. म्हातारा होऊन मरणारा इव्हिओटा जवळजवळ नाहीच.

प्रवाळावर मोठे मासे जे मासे खातात, त्यातला निम्म्याहून अधिक वाटा असल्या चिमुकल्या तळच्या माशांचा असतो, असं २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं. गोबी त्यातलेच. सगळा झगमगाट यांच्यावर पोसलेला. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ज्याची शेपटी जरा उशिरा हलली, तो राहिला नाही. तेव्हा हॅवलॉकच्या त्या माशानं माझी पारख केली, असं म्हणण्यातही अर्थ नाही. त्यानं एक मोठी सावली पाहिली. माझ्या मनात काय होतं, हे त्याला कुठून कळणार? मला तर त्याला नुसतं बघायचं होतं. फार प्रेमानं बघायचं होतं.

हे वाचून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण वहिनी मला काल-परवापासून ओळखत नाही.

मग तो दुसरा गोबी, तो वाचताना मी उठूनच बसले. हिरवट अंगाचा, इंच-दीड इंचाचा, ग्रेट बॅरियर रीफवरच्याच लिझर्ड बेटाजवळ एका टोकदार फांद्यांच्या प्रवाळात गटानं राहणारा. सगळ्यांत मोठी मादी आणि सगळ्यांत मोठा नर, पिल्लं फक्त त्या दोघांना. बाकीचे त्यांच्याखाली मापानं लावलेले, एकाखाली एक, आणि प्रत्येक जण वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहान. ते अंतर घटलं की वरचा खालच्याशी भांडतो आणि त्याला प्रवाळाबाहेर हाकलू शकतो. बाहेर पडलेल्याला आसरा नाही, तो वाचणं कठीण. म्हणून खालचा जेवतच कमी. मारियन वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हे मांडलं: वरच्याच्या मापाजवळ पोचलेला मासा समोर आलेलं अन्नसुद्धा बेतानंच खातो. स्वतःला वाढू देत नाही. वरच्यानं त्या दिवशी काही केलेलंही नसतं. तो तिथं असतो, एवढं पुरतं.

वहिनी या घरात आली तेव्हा तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या, तुमच्याकडे आज काय आहे? हल्ली ती हसते तेव्हा आवाज होत नाही. गाण्याचा क्लास तिनं केव्हा सोडला, मला आठवत नाही. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तर नक्कीच नव्हतं म्हटलं. सोफ्याचं कापड, चिंटूची शाळा, गणपतीत कुणाला बोलवायचं, "ताई म्हणतील तसं." मला ते ऐकायला छान वाटायचं. मान देते, असं वाटायचं. घर माझ्या नावावर आहे हे मी आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. प्रवाळातही कुणी कुणाला काही बोलून दाखवत नाही.

आणि आई? आईनं का थांबावं? माझ्या आईनं? याचं उत्तर मला माशांत सापडत नाही आणि ते शोधायची आज हिंमतही नाही.

हॅवलॉकचं मघाशी अर्धंच लिहिलं. मासा आत गेल्यावर इन्स्ट्रक्टरनं तळवा खाली करून खूण केली: थांब. आम्ही वाळूवर आडव्या झालो आणि सावकाश श्वास घेत राहिलो. बुडबुड्यांचा आवाज फार होतो, म्हणून मी ते हळूहळू सोडत होते. बराच वेळ बिळात काही हललं नाही. मग आधी फक्त डोळे. मग डोकं, मग गालफडांची उघडझाप. मग तो सगळा बाहेर येऊन पुन्हा त्याच जागी टेकला, तोंड माझ्याकडे करून. आणखी थोड्या वेळानं त्याच्या मागून एक मिशी आली, शेपटीशी चाचपडली, टेकली. त्यानंतर वाळूचा ढीग.

मी तिथंच होते. तो मला बघत होता. त्याची भीती गेलेली नव्हती, नाहीतर असा रोखून बसला नसता. पण काम सुरू झालं. मी किती अंतरावर चालेन हे त्यानं ठरवलं, मी नाही. एक हात पुढे सरकले असते तर पुन्हा तेच झालं असतं. तेवढ्या अंतरावरूनही मला सगळं दिसलं की. शिंपला बसवताना कोळंबी तो दोनदा फिरवून बघते, हे जवळ गेले असते तर कधीच दिसलं नसतं.

आता छातीतलं ते आवळलेलं जरा सुटलंय. त्या दोघींचं काहीतरी आहे, माझ्याशिवायचं आहे, आणि आईला या घरात कुणीतरी मनगटाला हात लावून सावध करणारं आहे. तिच्या डोळ्यांनी तिला ते लागणारच. माझ्यापासून सावध करायला हात लावला तो, हे खुपतं ते खुपतंच. उद्याही खुपेल. पण तो हात नसावा असं काही मला वाटत नाहीये. मघाशी वाटत होतं.

उद्या दादा मासळी आणायला जाणार आहे. निवटी मिळाली तर आणतो म्हणालाय. वहिनी करते तशी कुणालाच जमत नाही. ती करत असताना मी मध्ये मध्ये लुडबुडायला, मीठ बघायला जाणार नाही. क्लासचं तिला विचारावंसं वाटतंय, पण मी विचारलं तर "सोडला हो ताई, वेळच होत नाही" म्हणेल आणि तिथंच थांबेल. थांबू दे. इतक्यात नाही विचारत.

कागदांचं मात्र मी सोडणार नाही. ते दादाला विचारीन, आईच्या कानावर न घालता. सोमवारी सकाळी, तो ऑफिसला निघायच्या आधी.