परराज्यात वछेरी विकताना भरलेला जीएसटी : माझा अनुभव

दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत राजस्थानच्या एका स्टड फार्मवाल्या (घोड्यांची पैदास करणाऱ्या) शेठना माझी मारवाडी वछेरी, म्हणजे तरुण घोडी, पसंत पडली. अंगावरचे केसांचे भोवरे, पाय, एकमेकांना टेकणारी कानांची टोकं, सगळं निरखून झालं. सौदा तीन लाखांत तोंडी ठरला आणि मग त्यांनी पक्कं बिल मागितलं.

राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून तोवर जीएसटीशी माझा संबंध आला नव्हता. पण माल परराज्यात जाणार असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी. सातबारा आहे, शेतकऱ्याला सूट नाही का, असं सीएंना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, ती सूट जमीन कसण्यापुरती. शेतमालाच्या व्याख्येतून घोडेपालन तर नाव घेऊन वगळलंय." गाय, म्हैस, शेळी, गाढव, खेचर यांच्यावर कर शून्य आणि घोड्यावर तेव्हा 12 टक्के! हे मला आजही पटत नाही.

आधार, पॅन, सातबारा जोडून अर्ज केला. शेतातल्या जागेबद्दल शंका निघाली, तिला पागेचे फोटो आणि वीजबिल जोडून उत्तर दिलं. जीएसटी नंबर येईपर्यंत वछेरी माझ्याकडेच राहिली. मग ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची ऑनलाइन पावती : एचएसएन (मालाचा कोड) 0101, नग 1, ट्रकचा नंबर, अंतर. 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. जनावराला वाटेत उतरवून पाणी पाजावं लागतं, हे ड्रायव्हरला आधीच बजावलं.

खरा चटका हिशेबात बसला. सौदा सगळं धरून होता, त्यामुळे तीन लाखांतले 32,143 रुपये कराचे गेले. शेठना त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून त्याची वजावट मिळणार. मला कशाची मिळणार? घोडी अकरा महिने गाभण, पुढे शिंगराची वछेरी होईपर्यंत दोन-अडीच वर्षं सांभाळ. खर्च सगळा वैरणीचा, गड्याच्या पगाराचा, डॉक्टरांच्या फीचा. त्यावर जीएसटी लागतच नाही, मग वजा काय करणार? म्हणजे कर माझ्या मेहनतीतूनच गेला.

22 सप्टेंबर 2025 पासून हा दर 5 टक्के झाला. तोच सौदा आज झाला तर 14,286 रुपये जातील. छोट्या पागेला हा फरक मोठा आहे. त्यात पुढच्या शिंगराच्या वैरणीची बरीच सोय होते.

विक्री नसली तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. परराज्यातलं गिऱ्हाईक धरायचं असेल तर दत्तजयंतीच्या आधीच नंबर काढून ठेवा, आणि आकडा बोलतानाच "जीएसटी वेगळा" म्हणा.