तुम्ही विचारलंत म्हणून: घाटात पुढे, ट्रॅकवर आधी बाद

पुण्यात बालेवाडीला सायकलच्या ट्रॅकवर उतरून आलेल्या नाशिकच्या पोरांचे पालक हमखास विचारतात: "सर, कसारा घाटात याला कोणी गाठत नाही. मग एलिमिनेशनमध्ये, म्हणजे शेवटचा बाद होत जाणाऱ्या शर्यतीत, तिसऱ्या-चौथ्यालाच बाहेर कसा पडतो?"

घाटामुळेच, असं माझं मत. घाटात आपली लय धरायची आणि चढायचं. एलिमिनेशनमध्ये लय दुसऱ्याच्या हातात असते. 250 मीटरच्या ट्रॅकवर दर दोन फेऱ्यांनी शेवटचा बाद होतो; 333 मीटर किंवा त्याहून मोठा ट्रॅक असेल तर दर फेरीला. आणि पंच बघतात ते मागचं चाक. म्हणजे दर वेळी जिंकायचं नसतंच, कोणातरी एकाच्या पुढे राहायचं असतं.

हे कळलं की पोरं दोनपैकी एक करतात. काही जण सरळ पुढे जाऊन ओढत बसतात. ब्रेव्हेची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, सवय! सगळा वारा अंगावर घेतात आणि अर्ध्या रेसमध्ये पाय संपतात. बाकीचे आतल्या काळ्या रेषेला चिकटतात, कारण तिथे अंतर कमी पडतं. पण डावीकडे निळा पट्टा, तिथून पुढे घुसायला मनाई. समोर एकाचं चाक, उजवीकडे दुसऱ्याचा खांदा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या सिग्नलला दोन एसट्यांमध्ये सापडलेल्या रिक्षासारखी गत. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरतंच. वेग कमी करायचा तर पॅडलला पायांनीच मागे रेटा द्यायचा. तेवढ्यात वरून, ट्रॅकच्या उंच बाहेरच्या बाजूने, चौघं निघून जातात. पायात जोर शिल्लक असतो आणि नंबर पुकारला जातो. पालकांना वाटतं, दम कमी पडला.

जागा हवी ती दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, उजवी बाजू मोकळी. थोडं वरून चालवल्यामुळे जास्त अंतर कापावं लागतं, कापा. बँकिंगवरून, म्हणजे ट्रॅकच्या तिरप्या चढावरून, खाली यायला उतार मिळतो, आतून वर चढायला कोणी वाट देत नाही.

आणि जागा घ्यायची कधी? इथेच सगळी गोम आहे. बाद करायच्या फेरीत सगळेच उठून पॅडल मारतात, तेव्हा पुढे सरकणं सगळ्यात महाग. फिनिशची रेषा ओलांडली की घोळका सुस्कारा टाकतो, वेग पडतो, काही जण मागे वळून कोण गेलं ते बघतात. त्याच वेळी वरून दोन-तीन जणांना मागे टाकायचं. लहान ट्रॅकवर पुढची अख्खी फेरी कोणी बाद होणार नसतं, ती यासाठीच वापरायची. 24 जण असतील तर साडेअकरा किलोमीटरच्या आसपास हेच चालतं.

2021 पासून जागतिक ट्रॅक स्पर्धेत एलिमिनेशन स्वतंत्र शर्यत आहे. 2021 आणि 2022 मध्ये इटलीचा एलिया विवियानी जिंकला. महिलांत 2022 आणि 2023 मध्ये बेल्जियमची लोटे कोपेकी. व्हिडिओ लावा, पण रेषेवरची झटापट बघू नका. रेषेनंतरच्या शंभर मीटरमध्ये कोण सरकतंय, तेवढंच बघा.

सरावाला गंगापूर रोड नको, तिथे पहाटेही गाड्या असतात. बंद मैदानात सात-आठ जण घ्या, एका फेरीला शिट्टी, एका फेरीला नाही. जो पोरगा शिट्टीच्या फेरीतच जोर लावतो, त्याला आठवडाभर मागूनच सुरुवात करायला लावा.