पाव मैलाच्या रिंगणात

फुटबॉलच्या मैदानाला गुंडाळलेला डांबराचा पट्टा. लांबी जेमतेम पाव मैल, म्हणजे आपल्याकडच्या धावपटूंच्या ट्रॅकएवढी. वळणं अगदी सपाट. त्यावर शर्यतीच्या वीसेक गाड्या एकदम सोडायच्या आणि काय होतं ते बघायचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम गावी, बोमन ग्रे स्टेडियममध्ये 1949 पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री हा उद्योग चालतो. लोक या जागेला प्रेमाने ‘मॅडहाउस’ म्हणतात.

मी गेलो 1989 च्या उन्हाळ्यात. तेव्हा त्याच राज्यातल्या राले शहरात शिकत होतो. लॅबमधला एकजण त्याच भागातला होता. “टीव्हीवर जे बघतोस ते वेगळं, हे वेगळं,” म्हणत त्याने मला आपल्या पिकअपमध्ये घातलं आणि आय-40 महामार्गाने शंभरेक मैल आणलं. गावात शिरताच नाकात तंबाखूचा गोडसर वास. सगळं गावच आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचं. विन्स्टन आणि सेलम या सिगारेटींची नावं गावावरून, स्टेडियमला नाव कंपनीच्या एका अध्यक्षाचं, आणि नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेची वरची मालिका तेव्हा ‘विन्स्टन कप’. कंपनीची 1929 ची उंच इमारत वाटेत दिसली. तिच्या वास्तुविशारदांनी पुढे न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग केली, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आत गेल्यावर आधी पोटपूजा. हॉटडॉगवर चिली (खिम्याचा घट्ट रस्सा), कांदा, मोहरीचा सॉस आणि वर कोबीची कोशिंबीर, हा खास कॅरोलायना प्रकार. शेजारच्या बाईंनी न विचारता कापसाचे दोन बोळे हातावर ठेवले. “पहिल्यांदाच आलायस ना, लागतील,” म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरचं पोर मात्र कानावर मोठाली मफ चढवून गाढ झोपलेलं!

मुख्य शर्यत मॉडिफाइड गाड्यांची. पुढची चाकं उघडी, टायर भलतेच रुंद, बॉडी नावापुरती. एवढ्या आखूड सरळ पट्ट्यावर इंजिनाची ताकद पुरती वापरायलाही मिळत नाही. दोन श्वास घेईपर्यंत पुढचं वळण येतं. बाहेरून ओलांडायचं तर अंतर जास्त पडतं. म्हणजे आतली वाट धरून बसलेल्याला हलवायचं कसं? मित्राने बोट दाखवलं तिकडे बघत राहिलो. मागची गाडी वळणात आत घुसली आणि बंपरने पुढच्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला नुसता स्पर्श केला. त्याचं बूड हातभर बाहेर सरकलं, तेवढ्या फटीतून ही पुढे. पुढच्या फेरीत दुसऱ्या कुणी तेच जरा जोरात केलं, तर ती गाडी गरकन फिरून उलटं तोंड करून थांबली. पिवळा झेंडा, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा. टायरच्या रबराचे बारीक काळे तुकडे आमच्या हॉटडॉगच्या कागदावर येऊन पडले होते.

खरी गंमत त्यानंतर. फिरवलेला गडी गाडीतून उतरला, ट्रॅकच्या कडेला उभा राहिला आणि गुन्हेगार समोरून जाताना त्याच्याकडे बोट रोखून काहीबाही बोलला. अख्खं स्टेडियम उठलं. अर्धे टाळ्या पिटताहेत, अर्धे हुर्यो उडवताहेत. गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडात तालमींच्या बाजूने लोक वाटले जातात ना, अगदी तसंच. इथे घराणी असतात. मित्राचे वडील ज्याला शिव्या घालत, त्याच्या मुलाला हा घालतो. आणि हे ड्रायव्हर कोण? बहुतेक आठवडाभर गॅरेजमध्ये किंवा बांधकामावर राबणारी माणसं.

जागेला इतिहासही दांडगा. नॅस्कारचा दिग्गज रिचर्ड पेटीने आपला शंभरावा विजय 1969 मध्ये इथेच मिळवला. जवळच्या विल्क्स काउंटीचा ज्युनिअर जॉन्सन इथे जिंकून गेला. हातभट्टीची दारू पोचवताना गाडी हाणायला शिकलेला गडी. 1956 मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात गेला आणि 1986 मध्ये रेगनसाहेबांनी त्याला माफी दिली. बिली मायर्स या ड्रायव्हरला तर 1958 मध्ये याच ट्रॅकवर शर्यत चालू असताना हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. त्याआधी जेमतेम वर्षभरात भाऊ बॉबी डार्लिंग्टनच्या शर्यतीत मारला गेला होता.

एक गोष्ट मात्र डाचली. पार्किंगमध्ये काही ट्रकांवर अमेरिकन यादवीत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे झेंडे होते आणि हजारोंच्या गर्दीत सावळे चेहरे शोधावे लागत होते. माझ्याशी सगळे नीट वागले, पण वेंडेल स्कॉट या काळ्या ड्रायव्हरला 1950 च्या दशकात याच गावातल्या शर्यतीतून केवळ रंगावरून परत पाठवलं होतं. आणि पट्ट्याच्या आतल्या हिरवळीवर शरद ऋतूत फुटबॉल खेळतो तो विन्स्टन-सेलम स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाचा संघ. मैदान तेच, लोक निराळे. मित्राला विचारलं तर त्याने खांदे उडवले.

फेब्रुवारी 2025 मध्ये नॅस्कारने आपली ‘क्लॅश’ ही हंगामाच्या सुरुवातीची शर्यत इथे भरवली, ती मी घरी टीव्हीवर पाहिली. चेस एलियट जिंकला. शर्यत ठीकच झाली; बड्या संघांचे पगारी ड्रायव्हर एकमेकांना ढकलतात तेही हिशेबाने. बिली मायर्सचा नातू बर्ट आणि या ट्रॅकवर सर्वात जास्त शर्यती जिंकलेला टिम ब्राउन या दोन घरच्या गड्यांनीही नाव नोंदवलं होतं. दोघेही मुख्य शर्यतीपर्यंत पोचले नाहीत, पण मी टीव्ही लावला होता तो त्या दोघांसाठीच.